नियम ठरतो तेव्हा ठेवीदार कोठे असतो?

महिन्याच्या खर्चातून उरलेले चार पैसे कोठे ठेवावे, हा प्रश्न ठाण्या-कल्याणकडे घरोघर निघतो. ठाणे जनता, कल्याण जनता, डोंबिवली नागरी या सहकारी बँका अशाच पैशांवर वाढल्या. जवळपास पतपेढी असते, सराफाची पेढीही असते. तिघेही विश्वासाचीच भाषा बोलतात. पण कायद्याच्या दृष्टीने ही तीन दारे अगदी निराळी.

बँकेतील ठेवीला विमा आहे. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्याकडची अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर १९६२ पासून ठेवविमा सुरू झाला, आणि पुढे तो सहकारी बँकांनाही मिळाला. आरंभी मर्यादा १,५०० रुपयांची होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख आहे. मुद्दल आणि व्याज मिळून, बरं का! एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले म्हणून विमा दुप्पट होत नाही. हप्ता बँक भरते.

पतपेढीला हा विमा लागू नाही. सराफाकडच्या भिशीला तर नाहीच नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये गुडविन ज्वेलर्सची डोंबिवली-ठाण्यातील दुकाने एकाएकी बंद झाली, तेव्हा सोन्यासाठी पैसे भरलेल्यांना पोलीस चौकी गाठावी लागली.

आता हे नियम ठरतात कसे? रिझर्व्ह बँक किंवा शेअरबाजारावर देखरेख करणारी सेबी पुष्कळदा आधी मसुदा प्रसिद्ध करून मते मागवते. बँकांचे, दलालांचे संघ लगेच निवेदने धाडतात. त्यात गैर काही नाही. लहान बँकेवर मोठ्या बँकेइतकाच कागदांचा बोजा टाकू नका, हे म्हणणे मला पटते. पण ‘आमचा कारभार आम्हीच पाहू’ म्हटले की मी सावध होतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेली प्रचंड कर्जे दडवल्याचे उघड झाले होते. ठेवीदाराला सहा महिन्यांत काढता येणार होते अवघे १,००० रुपये! ती मर्यादा पुढे वाढली. पण त्याआधी माणसे रस्त्यावर आली, कोर्टात गेली. २०२० मध्ये सहकारी बँकांवरचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. २०२१ मध्ये, असे निर्बंध लागल्यास ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली.

मसुदा बहुधा इंग्रजीत असतो, ही अडचण खरीच. गुरुजींनी तो वाचून चार जणांना सांगावा. उत्तर लांबलचक नको. पैसे अडकले तर घरात काय थांबते, पेरणी की मुलीची फी, आणि कोणते कलम बदलायला हवे, एवढे लिहून मुदतीच्या आत पाठवावे.