नवापूरला वेगळे पोलीस हवेत काय?

नवापूर ज्या खानदेशांत मोडतें, तेथें प्रादेशिक दलाचा प्रयोग पूर्वींच झाला आहे. डोंगरांतील भिल्ल कंपनीच्या पलटणींना आवरेनात, तेव्हां १८२५ सालीं जेम्स औट्रम यानें भिल्लांचेंच दल उभारलें. धरणगांव हें त्याचें ठाणें. वाटा, बोली, माणसें, सारीं त्या शिपायांच्या परिचयाचीं. म्हणून बंदोबस्त साधला. हुकूम मात्र साहेबाचा!

आज पोलीस हा राज्याचा विषय आहे. नवापूरचें रेल्वे-स्थानकच महाराष्ट्र व गुजरात यांत विभागलेलें. वेगळ्या दलानें तेथें हद्दीचा आणखी एक घोळ वाढेल. मावची बोलणाऱ्या फिर्यादीचें म्हणणें ठाण्यांत कळावें, ही गरज मात्र खरी. शिपाईभरती जिल्हावार होतेच. तींत बोलीच्या ज्ञानाकडे पाहिलें, तर ती भागेल.