रोजगारांचे परदेशी स्थलांतर

एखाद्या कंपनीने आपले उत्पादन अथवा कार्यालयीन काम मायदेशातून उचलून, बहुधा वेतनखर्च वाचविण्यासाठी, परदेशात नेणे यास रोजगारांचे परदेशी स्थलांतर किंवा ऑफशोअरिंग असे म्हणतात. आउटसोर्सिंगशी त्याची अनेकदा गल्लत होते. आउटसोर्सिंगमध्ये काम दुसऱ्या कंपनीकडे सोपविले जाते, मग ती शेजारच्या इमारतीतील का असेना. ऑफशोअरिंगमध्ये ते देशाबाहेर जाते, मग ते त्याच कंपनीच्या शाखेकडे का असेना. काम गमावणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद फारसा महत्त्वाचा नाही.

गेल्सबर्गचे उदाहरण

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील गेल्सबर्ग या सुमारे ३४ हजार वस्तीच्या शहरात मेटॅग कंपनीचा शीतकपाटांचा कारखाना होता. तो बंद करण्याचा निर्णय ऑक्टोबर २००२ मध्ये जाहीर झाला आणि सप्टेंबर २००४ मध्ये उत्पादन थांबले. सुमारे १,६०० नोकऱ्या गेल्या. कामाचा मोठा भाग मेक्सिकोतील रेनोसा येथे हलविण्यात आला. बराक ओबामा यांनी जुलै २००४ मधील डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातील भाषणात या कामगारांचा उल्लेख केला होता. मेक्सिकोने १९६५ पासून सीमाभागात निर्यातप्रधान कारखान्यांना, अर्थात 'माकिलादोरां'ना, सुटे भाग करमुक्त आणण्याची सवलत दिली होती. १९९४ च्या नाफ्टा करारानंतर हा ओघ वाढला.

साहाय्य आणि त्याच्या मर्यादा

परदेशी स्पर्धेमुळे काम गेलेल्यांना पुनर्प्रशिक्षण व भत्ता देणारी योजना अमेरिकेत १९६२ पासून होती. मात्र कायद्यात 'वस्तू' तयार करणारा कामगारच अभिप्रेत असल्याने, संगणक प्रणाली लिहिणारे वा दूरध्वनीवर ग्राहकसेवा देणारे बराच काळ वंचित राहिले. २००९ मध्ये त्यांचा समावेश झाला. जुलै २०२२ पासून नवे अर्ज स्वीकारणेच बंद झाले. शिवाय प्रशिक्षण व्यक्तीला मिळते. कारखान्याच्या पगारावर चालणारी शहरातील दुकाने व शाळा यांचे नुकसान त्यातून भरून निघत नाही.

काम स्वीकारणारी बाजू

पुण्यातील हिंजवडीसारख्या परिसरांत असे सेवाकाम मोठ्या प्रमाणावर आले. तेथे पगार मिळाला, पण घड्याळ परक्याचे राहिले. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा पुण्यात ऋतुमानानुसार सायंकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. त्यामुळे कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्यांचा कामाचा दिवस रात्रीच सुरू होतो. हे कामही येथे स्थिरावले असे नाही. दूरध्वनीवरील ग्राहकसेवेत फिलिपिन्सने २०१० च्या सुमारास भारताला मागे टाकले.