बुडालेल्यांना हरकत घेता येत नाही

उरणजवळच्या करंजाच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे रेवस दिसतं. १७ जुलै १९४७ रोजी, गटारीच्या तोंडावर, 'रामदास' बोट सकाळी आठला भाऊच्या धक्क्यावरून याच रेवसकडे निघाली होती. वाटेत काशाच्या खडकाजवळ वादळी वाऱ्यात ती कलली, घाबरलेले प्रवासी एका अंगाला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला खबर मिळाली ती थेट संध्याकाळी.

समजा, उद्या यावर सिनेमा काढायचा झाला. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं, तेव्हा खलनायक म्हणून नफेखोर गोरा मालक लेखकाला आयताच सुचेल. पण 'रामदास' देशी सहकारी कंपनीची होती. लोक तिला आपुलकीने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. पडद्यावर गोरा मालक आला की टाळ्या पडतील आणि बिनतारी यंत्रणा का नव्हती, हा अवघड प्रश्न बाजूला पडेल.

असं पूर्वी झालेलं आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास कामगार मेले. त्या घटनेवर बेतलेला 'काला पत्थर' १९७९ मध्ये आला. त्यात दोषी आहे एक लोभी खासगी मालक. प्रत्यक्षात चासनाला ज्या कंपनीची होती, तिचं व्यवस्थापन सरकारने १९७२ मध्येच हाती घेतलं होतं. नावं बदलल्यामुळे कुणा माणसाची बदनामी झाली नाही. पण दोषाचा पत्ता बदलला.

'टायटॅनिक'मध्ये उलटं घडलं. १९९७ च्या त्या चित्रपटात जहाज, जिने, झुंबरं हुबेहूब उभारली. पण विल्यम मर्डॉक हा खराखुरा अधिकारी मात्र प्रवाशांवर गोळी झाडून स्वतःला संपवताना दाखवला. हे त्यानेच केलं, असा भक्कम पुरावा नाही. स्कॉटलंडमधलं त्याचं गाव डॅलबीटी खवळलं. १९९८ मध्ये स्टुडिओच्या अधिकाऱ्याने तिथे जाऊन माफी मागितली आणि शाळेतल्या त्याच्या स्मृतीच्या पारितोषिकासाठी पाच हजार पौंड दिले. तो प्रसंग चित्रपटात आजही आहे.

आपल्या कायद्यात मृताचीही बदनामी होऊ शकते. मात्र नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू असावा लागतो. दिग्दर्शकाचा हेतू तसा क्वचितच असतो. त्याला फक्त प्रसंग रंगवायचा असतो. म्हणून इथे कायद्यापेक्षा विवेकाची गरज जास्त.

उरणला हा प्रश्न जुना वाटत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे येणाऱ्या 'नीलकमल' लाँचवर इंजिनची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली. पंधरा जीव गेले. लाँचमध्ये परवान्यापेक्षा जास्त प्रवासी होते, हेही पुढे आलं. उद्याच्या पटकथेला यातलं एकच कारण सोयीचं वाटेल. न्याय करायचा तर दोन्ही सांगावी लागतील, तीही आपापल्या मापात. कारण गर्दी होती म्हणून टक्कर झाली नाही.

मग सिनेमावाल्याने काहीच बदलू नये का? जरूर बदलावं. दिवसभराची घालमेल दहा मिनिटांत बसवावी, प्रवाशांचे संवाद रचावेत, चार तांडेलांचा एक तांडेल करावा. तेवढ्याने कुणावर अन्याय होत नाही. कारण आणि कलंक यांना हात लावताना मात्र पुरावा हवा. श्रेयाचंही तसंच.

'रामदास' बुडाली तेव्हा रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी होड्या वळवल्याचं सांगतात. माणसांना जागा व्हावी म्हणून त्यांनी भरलेला माल समुद्रात ओतला. पावसाळ्यातली ती मासळी म्हणजे घरची चूल. पडद्यावर हा प्रसंग येईल तेव्हा एखादा देखणा शहरी नायक सुकाणू धरून बसलेला असण्याचीच शक्यता जास्त. त्याला हवं तर पाण्यात उडी मारू द्या, गाणंही द्या. होडी मात्र कोळ्याचीच राहू द्या, आणि मासळी ओतणारे हातही.