ठिबकाच्या जुन्या नळ्या व आपले व्यापारी

आपल्या वाडवडिलांच्या शेतींत टाकाऊ अशी वस्तु जवळजवळ नव्हतीच. कडबा दावणीस जाई, शेण व काडीकचरा उकिरड्यावर, आणि पऱ्हाट्या चुलीस लागत. गेल्या कांहीं दशकांत मात्र आपल्या मळ्यांत एक अशी वस्तु आली आहे कीं, जी कुजत नाहीं आणि जनावराच्या पोटांत गेल्यास त्याच्या जिवावर बेतते. ती वस्तु म्हणजे प्लॅस्टिक. ठिबकाच्या नळ्या, आच्छादनाचा मल्चिंग कागद, केळीच्या घडावर चढविण्याच्या पिशव्या, हीं सर्व तिचींच रूपें होत.

ठिबकास आमचा विरोध नाहीं, हें प्रथमच सांगतों. तापीकाठच्या रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळीस, तसेंच धुळें जिल्ह्यांतील शिरपुराकडील बागाइतीस त्यानें थोड्या पाण्यांत मोठा आधार दिला आहे. जळगांवच्या केळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें आपणां सर्वांस भूषणावह आहे. प्रश्न एवढाच कीं, नळी निकामी झाल्यावर तिनें जावें कोठें?

गतवर्षीं आम्हीं केळीची बाग मोडली, तेव्हां जुन्या नळ्यांचीं बारा भेंडोळीं निघालीं. दुकानदारानें तीं परत घेण्याचें नाकारलें, व भंगारवाल्यानें सांगितलेला भाव गाडीभाड्यासही पुरेना. अखेर आम्हीं तीं बांधावर पेटवून दिलीं. काळा धूर सायंकाळपर्यंत वस्तीवरून हटला नाहीं, आणि आमचा धाकटा नातू रात्रभर खोकत राहिला. महसूल खात्याच्या चाकरींत आम्हीं पिकांच्या नोंदी पुष्कळ लिहिल्या. परंतु जमिनींत काय गाडलें व बांधावर काय जाळलें, याचा रकाना सातबाऱ्यावर नाहीं. म्हणून आमची चूक आम्हीच येथें नोंदवीत आहों.

वास्तविक ही नळी म्हणजे कच्चा मालच होय. ती धुवून, तिचे तुकडे करून व वितळवून पुन्हां दाणा करितां येतो. मात्र ठिबकाची बारीक काळी नळी पॉलिएथिलीनची असते व जमिनींत पुरलेली मोठी नळी बहुधा पीव्हीसीची असते. दोन्ही एकत्र वितळविल्यास माल बिघडतो. आणि पीव्हीसी जाळल्यास आम्लयुक्त व विषारी धूर निघतो. म्हणून दोन्हींचे ढीग शेतांतच वेगळे ठेवावे. मल्चिंगचा कागदही नांगरटीपूर्वींच वेंचून काढावा. कारण त्याचे तुकडे मातींत राहिल्यास मुळांस व पाणी मुरण्यास अडथळा होतो.

टाकाऊपासून उपयुक्त माल करण्याची विद्या आपल्या भागास नवीन नाहीं. जळगांवच्या औद्योगिक वसाहतींत जुन्या प्लॅस्टिकच्या दाण्यापासून चटया विणणारे कारखाने आहेत. भवरलाल जैन यांनीं १९७८ सालीं केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेऊन तेथें पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास आरंभ केला. पुढें त्यांच्याच जैन इरिगेशन कंपनीनें फळें व कांदा यांच्या प्रक्रियेंतील सालीचोथ्यापासून बायोगॅस व वीज करण्याची व्यवस्था उभारली.

मग नळीचेंच अडतें कोठें? नळी वजनास हलकी, परंतु जागा फार अडविते. एकट्या शेतकऱ्याची गाडी भरते, पण कांट्यावर वजन भरत नाहीं. यावर उपाय व्यापाऱ्याच्याच हातीं आहे. नव्या नळ्या घेऊन खेड्यांत येणारें वाहन परततांना पुष्कळदां रिकामें जातें. त्यांतच जुनीं भेंडोळीं परत न्यावीं, त्यांचें वजन करून पावती द्यावी, व ती रक्कम नव्या खरेदींत वजा करावी. यांत दुकानदाराचें नुकसान नाहीं. जो जुना माल घेईल त्याच्याकडेच गिऱ्हाईक पुन्हां जाईल.

शेतकऱ्यांनींही आपला वाटा उचलावा. नळ्यांतील माती झटकून त्या घट्ट बांधाव्या, आणि गांवच्या सोसायटीच्या आवारांत ठरलेल्या दिवशीं एकत्र आणाव्या. दहा-वीस खातेदारांचा माल एका जागीं मिळाला, तर भंगाराचा व्यापारीही बरा भाव देण्यास तयार होईल.

सरकारनें २०१६ सालीं प्लॅस्टिक कचऱ्याचे नियम केले, व २०२२ सालीं वेष्टणाच्या प्लॅस्टिकासंबंधीं उत्पादकांची जबाबदारी सविस्तर ठरवून दिली. परंतु नळी हें कांहीं वेष्टण नव्हे. तेव्हां कायद्याची वाट न पाहतां, पुढील हंगामाची नळी घेण्यापूर्वीं प्रत्येकानें दुकानदारास एकच प्रश्न विचारावा: "जुनी परत घ्याल काय?" पन्नास गिऱ्हाइकांनीं हाच प्रश्न केला, तर दुकानदारास त्याचें उत्तर शोधावेंच लागेल. आम्ही स्वतः यंदा असें विचारूनच खरेदी करणार आहों.