महाबळेश्वरचा पाऊस आणि सोमालियाचा भोवरा

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस देणारे नैऋत्य वारे आधी सोमालियाच्या किनाऱ्याचं पाणी आत समुद्राकडे लोटतात. मग खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, वनस्पतिप्लवक फोफावतात आणि शेकडो किलोमीटर रुंदीचा ‘ग्रेट व्हर्ल’ हा भोवरा ते पाणी दूरवर ओढून नेतो. त्यावर पोसणारा कॅलॅनॉइडिस हा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा प्राणिप्लवक मात्र नुसता वाहत जात नाही. हंगाम सरता सरता त्याची पिल्लं अंगात तेल साठवून पाचशे मीटरहून खोल उतरतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथंच निपचित राहतात.

म्हणजे इथल्या जीवसृष्टीचे सूत्रधार वारे आणि प्रवाहच, असं वाटतं. यावर रास्त आक्षेप असा, की तसं असेल तर पावसाळा सरल्यावर समुद्र ओस पडायला हवा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या मधुप्रताप आणि सहकाऱ्यांना तर १९९०च्या दशकात अरबी समुद्राच्या वरच्या थरात प्राणिप्लवकांचं वजन वर्षभर जवळपास सारखंच आढळलं. पण हिवाळ्यात उत्तरेकडचं गार पाणी बुडतं, घुसळण होते आणि पोषकद्रव्यं पुन्हा वर येतात. टंचाईच्या दिवसांत जिवाणू आणि त्यांना खाणारे सूक्ष्मजीव अन्नसाखळी तगवून धरतात. माझ्या मते प्रवाहांची खरी सत्ता चालते ती एकूण वजनावर नव्हे, तर कोणती जात कधी आणि कुठं वाढणार यावर.