पिच्चुक आपल्या अंगणी

आदिलाबादकडच्या आमच्या मुधोळला मार्चपासूनच ऊन तापते. अंगणात सावलीला मातीची उथळ परळ पाण्याने भरून ठेवली, की चिमण्या, बुलबुल, साळुंक्या हजर! पाणी मात्र रोज बदलावे.

धाब्याची, कौलारू घरे जाऊन स्लॅब आले, तशा घरट्यांच्या वळचणी गेल्या. भिंतीला लाकडी खोके टांगले तरी चिमणीचा संसार थाटतो. पण नुसते दाणे टाकून भागत नाही. तिची पिले अळ्या-किड्यांवर वाढतात. म्हणून परसातल्या जास्वंदीवर, कढीपत्त्यावर विषारी औषध फवारू नये.

२०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळतात. आपल्या मुलांना चिमणी आणि पिच्चुक ही दोन्ही नावे येतात. पक्षी मात्र नुसता पुस्तकात उरू नये.