सर्व्हरला जोडीदार असतो, मग माणसाला का नाही?

"पोरगा कंपनीत मॅनेजर आहे, एसीत बसून काम करतो. त्याला कसला आलाय त्रास?" आपल्या वस्तीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. ज्या घरात आजोबांनी हमाली केली, आईने चार घरची धुणीभांडी केली, त्या घराला खुर्चीत बसणं हे कष्टाचं काम वाटत नाही. पण आज आपली शिकलेली मुलं-मुली ऑफिसातला कॉम्प्युटर विभाग सांभाळू लागली आहेत. त्यांचे कष्ट घामातून दिसत नाहीत, म्हणूनच घरच्यांनी ते ओळखायला हवेत.

हे काम नेमकं काय असतं?

बँक असो, हॉस्पिटल असो की कारखाना, तिथले सर्व्हर, नेटवर्क, बॅकअप आणि माहितीची सुरक्षा बघणारा एक आयटी मॅनेजर असतो. सगळं सुरळीत चालू असेल तेव्हा त्याची आठवण कुणाला येत नाही. बंद पडलं की पहिला फोन त्यालाच. मोठी दुरुस्ती करायची तर बाकीचे घरी गेल्यावर, म्हणजे रात्री किंवा रविवारी. शिवाय हाताखालच्या माणसांचं आणि वरच्या साहेबांचं दोघांचंही त्यालाच ऐकावं लागतं.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट जगभर गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने ते अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतलं. पण बंद पडलेली बरीचशी मशीन आपोआप उठली नाहीत. एकेका मशीनपाशी जाऊन बिघडलेली फाईल काढून टाकावी लागली. हे काम आयटी विभागातल्या माणसांनी रात्री जागून आणि सुट्ट्या मोडून केलं.

शरीर याची काय किंमत मोजतं?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी तुलना केली, तर ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त आढळला. घरी आल्यावर लॅपटॉप उघडून केलेलं कामही या तासांत धरा. मग हिशेब लवकर पंचावन्नवर जातो.

रात्री गाढ झोपेत रक्तदाब थोडा उतरतो, हृदयाला विसावा मिळतो. झोप सारखी मोडली की हा विसावा हुकतो, साखरेवरचा ताबा बिघडतो आणि गोड-तळलेलं खावंसं वाटतं. त्यात दिवसभर बसून राहणं. पोट सुटतं, मान आणि कंबर धरते, डोळे कोरडे पडतात. मॅनेजर मुलगी असेल तर ऑफिसातून आल्यावर पोळ्याही तिनेच लाटायच्या असतात, म्हणजे तिची झोप आणखी कमी.

आणि आपल्या घरांतली एक गोष्ट वेगळीच असते. खानदानात या पदावर पोचलेला तो पहिला असतो. घराचं कर्ज, बहिणीचं शिक्षण, गावाकडची मदत, सगळं त्याच्या पगारावर. म्हणून तो ऑफिसात "नाही" म्हणत नाही आणि घरात "थकलो" म्हणत नाही.

ऑफिसात काय बदलायला हवं?

महत्त्वाच्या कामाला हा मॅनेजर एकच सर्व्हर कधी ठेवत नाही. एक बंद पडला तर दुसरा तयार असावा लागतो. मग रात्रीचे सगळे फोन एकाच माणसाने का घ्यायचे? हाताखालच्या दोघांना काम शिकवणं, नेहमीच्या बिघाडांचे उपाय लिहून ठेवणं, रात्रीच्या फोनची पाळी लावणं आणि रात्र जागल्यावर सकाळी उशिरा येण्याची सवलत साहेबांकडून लेखी मागून घेणं, हा कामचुकारपणा नाही. उलट मॅनेजरचं खरं काम हेच आहे.

घरी काय करता येईल?

- रात्र जागून आलेल्याला दिवसा झोपू द्या. खिडकीला जाड पडदा लावा, टीव्हीचा आवाज कमी ठेवा. पाणी भरणं, रेशन आणणं इतरांनी वाटून घ्यावं.
- फोनमध्ये फक्त ऑफिसच्या पाळीचा नंबर वाजेल अशी सोय करून घ्या. बाकीचे ग्रुप रात्री गप्प ठेवा.
- लॅपटॉप मांडीवर किंवा पलंगावर नको. साधं टेबल चालेल, पण पाय जमिनीला टेकावेत आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीत असावी.
- दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद पाहा. अर्ध्या तासाने उठून चार पावलं चाला.
- रात्री चहा-बिस्किटांऐवजी उसळ, भाकरी, फुटाणे. संध्याकाळनंतर चहा कमी.
- आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चाला.

तपासणी चुकवू नका

तिशी ओलांडली की वर्षातून एकदा रक्तदाब आणि उपाशीपोटी साखर तपासा. सरकारी दवाखान्यात हे होतं. रक्तदाब १४०/९० किंवा साखर १२६ च्या वर आली तर डॉक्टरांना दाखवा. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटीमीटर आणि बाईचा ८० च्या पुढे गेला की सावध व्हा.

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं ही पक्षाघाताची लक्षणं आहेत. छातीत दाबल्यासारखं दुखून घाम सुटणं हे हृदयाचं. अशा वेळी "गॅस झाला असेल" म्हणत थांबू नका, लगेच १०८ ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

झोप उडाली, चिडचिड वाढली, जगणं नकोसं वाटू लागलं तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर मोफत बोलता येतं.

आणि आज जेवायला बसल्यावर पगाराचा विषय काढायच्या आधी त्याला एवढंच विचारा, "काल किती तास झोपलास, बाळा?"